कारखान्याचा पैसा आणि गावाचा फुटबॉल क्लब

दुपारी तीनला पहिली पाळी सुटते आणि साडेतीनच्या सुमारास कंपनीची बस आमच्या नाक्यावर थांबते. उतरणाऱ्यांपैकी सात-आठ जण घरची वाट न धरता मैदानाकडे वळतात, सेफ्टी शूज काढून बाकाखाली सरकवतात आणि पिशवीतले स्टडचे बूट चढवतात. तोपर्यंत हायस्कूलची मुले दप्तरे गोलपोस्टच्या मागे टाकून त्यांची वाट बघत असतात, कारण चेंडूंची जाळी ज्याच्या घरी असते तो खेळाडूही त्याच बसने येतो. कारखाना आणि क्लब यांचे नाते असे आधीपासूनच जुळलेले असते. कागदावर ते पुष्कळ नंतर येते, आणि येताना नीट आले नाही तर दोघांचेही नुकसान होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या गावात आमचा क्लब आहे आणि त्याचा हिशेब मी लिहितो. रोहा, महाड, लोटे, तारापूर असो, की एखादे बंदर किंवा वीजप्रकल्प असो, किनारपट्टीवर जिथे मोठा रोजगार देणारी कंपनी आहे तिथल्या खेळाच्या मंडळांपुढे कधी ना कधी हाच प्रश्न येतो: कंपनी मदत करायला तयार असेल, तर ती मदत कोणत्या स्वरूपात घ्यावी आणि तिच्या बदल्यात काय द्यावे? बहुतेक मंडळे बोलण्याची सुरुवात रकमेपासून करतात. माझे मत असे आहे की सुरुवात पैशाच्या प्रकारापासून करावी, कारण कंपनीकडून येणारा प्रत्येक रुपया दिसायला सारखा असला तरी तो निरनिराळ्या खिशांतून येतो आणि प्रत्येक खिशाचे नियम वेगळे असतात.

पैसा कोणत्या खिशातला?

सर्वांत ओळखीचा खिसा कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या हातातला. गणेशोत्सवाची आणि शिमग्याची वर्गणी, क्रिकेट स्पर्धेचे चषक, शाळेच्या स्नेहसंमेलनाची बक्षिसे यातूनच येतात. या पैशातून चेंडू आणि जाळी मिळते, पण प्रशिक्षकाचे मानधन दर महिन्याला देता येत नाही, आणि व्यवस्थापकाची बदली झाली की सगळी ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते. दुसरा खिसा कामगार कल्याणाचा असतो. कंपनी स्वतःच्या कामगारांचा संघ बांधते आणि त्यांचा गणवेश, प्रवास व स्पर्धेचे प्रवेशशुल्क भरते. तिसरा जाहिरातीचा, म्हणजे प्रायोजकत्वाचा. चौथा कंपनीच्या सामाजिक दायित्वाचा, ज्याला आता खेड्यापाड्यातही सीएसआर असेच म्हणतात. क्लब खऱ्या अर्थाने उभा राहू शकतो तो या शेवटच्या दोन खिशांतून, आणि सर्वाधिक गोंधळही याच दोन खिशांत होतो.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम, ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक आहे, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिच्यावर सामाजिक दायित्वाचे बंधन येते. मागच्या आर्थिक वर्षात या तिन्हींपैकी एक अट पूर्ण झाली तरी पुरते. अशा कंपनीने आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करायची असते. एखाद्या कंपनीला ३ वर्षांत अनुक्रमे ४०, ५० आणि ६० कोटी रुपये नफा झाला असेल, तर सरासरी ५० कोटी आणि खर्चाची किमान रक्कम १ कोटी रुपये होते. त्यानंतरचे वर्ष कोरडे गेले आणि नफा शून्यावर आला, पण उलाढाल १,००० कोटींच्या वर राहिल्यामुळे बंधन कायम राहिले असे धरले, तर सरासरी ५०, ६० आणि शून्य यांची निघते आणि रक्कम साधारण ७३ लाखांवर उतरते. म्हणजे मंदीचा फटका क्लबपर्यंत एकदम न येता टप्प्याटप्प्याने येतो. कंपनीचा वार्षिक अहवाल वाचणाऱ्या खजिनदाराला तो वर्षभर आधी दिसू शकतो, म्हणून तो अहवाल वाचण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वसाहतीतल्या पुष्कळशा लहान कारखान्यांना हे बंधन लागूच होत नाही, कारण त्यांचा नफा ५ कोटींपर्यंत जात नाही. आणि ज्यांना लागू होते, त्यांचा निर्णय बहुधा गावाशेजारच्या कारखान्यात होत नाही. तो मुंबईच्या किंवा आणखी कुठल्या मुख्य कार्यालयात, संचालक मंडळाच्या बैठकीत होतो. कारखान्यातील अधिकारी अर्ज पुढे पाठवतो, शिफारस करतो, पण शब्द देऊ शकत नाही. कायदा मात्र गावाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो: कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे. अर्जात या तरतुदीचा उल्लेख केला आणि कारखान्यापासून मैदानाचे अंतर किलोमीटरमध्ये लिहिले, तर मुख्य कार्यालयात तो अर्ज वाचणाऱ्या व्यक्तीला गाव कुठे आहे हे निदान कळते.

‘प्रशिक्षण’ या एका शब्दाचे महत्त्व

सीएसआरचा पैसा कशावर खर्च करता येतो, याची यादी त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. शिक्षण, आरोग्य, पाणी, पर्यावरण अशा विषयांबरोबर तिथे ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक खेळ आणि ऑलिम्पिक खेळ यांना चालना देण्यासाठीचे प्रशिक्षण, असा उल्लेख आहे. फुटबॉल त्यात बसतो. परंतु अनुसूचीत शब्द ‘प्रशिक्षण’ असा आहे, आणि २०१४ मध्येच कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रक काढून स्पष्ट केले होते की एकदाच होणारे कार्यक्रम, पुरस्कार, जाहिराती यांसारखा खर्च सामाजिक दायित्वात धरला जाणार नाही; काम प्रकल्पाच्या स्वरूपात असले पाहिजे. त्यामुळे दोन दिवसांची चषक स्पर्धा कितीही गर्दी खेचणारी असली तरी या खिशातून तिचा खर्च मागू नये. तीन वयोगटांतल्या मुलांना आठवड्यातून ४ दिवस शिकवण्याचा वर्षभराचा कार्यक्रम, परवानाधारक प्रशिक्षक, मुलींचा स्वतंत्र गट, प्रथमोपचाराची सोय आणि वर्षाअखेरीस किती मुले टिकली याची नोंद, अशा आराखड्यासाठी हा पैसा मागता येतो.

नियमांनी वगळलेल्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. कंपनीच्या उत्पादनाला जाहिरातीचा लाभ व्हावा म्हणून प्रायोजकत्वाच्या रूपाने केलेला खर्च सीएसआरमध्ये बसत नाही. हे वाक्य आमच्या क्लबला अनुभवातून कळले. एका कंपनीने मुलांच्या प्रशिक्षणासाठी सीएसआरमधून रक्कम मंजूर केली आणि पहिला हप्ता जमा झाला. आम्ही आनंदाने जर्सी शिवून घेतल्या आणि कृतज्ञता म्हणून छातीवर त्या कंपनीच्या एका उत्पादनाचे नाव छापले. कंपनीच्या इथल्या कार्यालयानेच त्याचा नमुना पाठवला होता. वर्षाअखेरीस मुलांचे छायाचित्र अहवालाला जोडून गेले, ते पाहून त्यांच्या मुख्य कार्यालयाने हा खर्च जाहिरातीचा की सामाजिक दायित्वाचा, असे विचारले आणि दुसरा हप्ता थांबवला. चौदा वर्षांखालील मुलांच्या २२ जर्सी आमच्याकडे होत्या. त्यावरची अक्षरे निघतात का हे पाहायला एका आईने इस्त्री आणि जुने वर्तमानपत्र घेऊन दोन जर्सींवर प्रयत्न केला. अक्षरे निघाली, पण त्यांच्या जागी कापडावर चकचकीत ठसा राहिला आणि नाव आणखी ठळक वाचता येऊ लागले. त्या वर्षी प्रशिक्षकाचे ३ महिन्यांचे मानधन आम्ही गावातून वर्गणी काढून दिले. चूक कोणा एकाची नव्हती. पैसा एका खिशातला होता आणि आम्ही परतफेड दुसऱ्या खिशाच्या रीतीने केली होती.

कृतज्ञता आणि जाहिरात यांतला फरक करविभागानेही एका ठिकाणी स्पष्ट केला आहे. २०१९ च्या परिपत्रकानुसार धर्मादाय संस्थेने देणगीदाराचे नाव केवळ आभारापोटी पाटीवर लावले आणि त्यातून त्याच्या व्यवसायाची जाहिरात होत नसेल, तर त्या देणगीवर वस्तू व सेवा कर लागत नाही. मैदानाच्या फाटकावर ‘या प्रशिक्षण केंद्राला अमुक कंपनीचे साहाय्य लाभले आहे’ अशी साधी पाटी असणे आणि मुलांच्या छातीवर सिमेंटचे, रंगाचे किंवा पाइपचे नाव असणे, या दोन गोष्टी म्हणून वेगळ्या ठरतात. दुसऱ्या प्रकारात क्लबने कंपनीला सेवा विकलेली असते. त्यावर १८ टक्के कर येतो, आणि तो कोणी भरायचा हे क्लबच्या कायदेशीर स्वरूपावर अवलंबून असल्याने करारातच लिहून घ्यावे लागते. शिवाय धर्मादाय संस्था म्हणून आयकरात सवलत घेणाऱ्या क्लबचे अशा व्यावसायिक स्वरूपाचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या वर गेले तर ती सवलतच धोक्यात येते. प्रायोजक वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. वरिष्ठ संघाच्या जर्सीवर प्रायोजकाचे नाव असणे ही उजळ माथ्याने करण्याची गोष्ट आहे. फक्त त्याचे बिल, त्याचा कर आणि त्याचे खाते वेगळे असावे.

कामगारांची गोष्ट याहून नाजूक आहे. सीएसआरचा पैसा कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी वापरता येत नाही. मग साडेतीनच्या बसने येणाऱ्या खेळाडूंचे काय? मंत्रालयाच्या खुलाशानुसार जो उपक्रम केवळ कर्मचाऱ्यांसाठी आखलेला आहे तोच वगळला जातो. सर्वांसाठी खुला असलेल्या उपक्रमात काही कर्मचाऱ्यांची मुले आली तर हरकत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रवेशाची यादी उघडी असावी, निवड क्लबने करावी आणि कंपनीच्या वसाहतीतल्या मुलांसाठी राखीव जागा ठेवू नयेत. कामगारांच्या संघाचा खर्च कंपनीने कल्याण निधीतून करावा.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कंपनीने जुनी बस दिली, आपल्या दवाखान्यातला डॉक्टर सामन्याला पाठवला किंवा अभियंत्याने सुट्टीच्या दिवशी मैदानाची आखणी करून दिली, तर ते सारे मोलाचेच आहे. पण त्याची किंमत काढून ती सीएसआरच्या खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे अशी मदत मागताना ती शेजारधर्म म्हणूनच मागावी. आमचा अनुभव असा की ही मदत पैशापेक्षा लवकर मिळते आणि जास्त दिवस टिकते.

क्लबची स्वतःची कागदपत्रे

कंपनी स्वतः उपक्रम चालवू शकते किंवा एखाद्या संस्थेमार्फत चालवू शकते. संस्थेमार्फत चालवायचा असेल, तर ती नोंदणीकृत विश्वस्त संस्था, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी असावी लागते, तिच्याकडे आयकरातील १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी लागते, आणि कंपनीनेच स्थापन केलेली नसल्यास तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून मंत्रालयाकडून क्रमांक घेणेही आवश्यक झाले आहे.

खरी अडचण याच्याही अलीकडे असते. महाराष्ट्रात खेळाची मंडळे संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हींखाली नोंदलेली असतात. कार्यकारी मंडळ बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिला जात नाही. मग कंपनीचा वकील शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा, उतारा मागतो, आणि त्यावर वारलेल्या अध्यक्षांचे व मुंबईला स्थायिक झालेल्या सचिवांचे नाव निघते. मंजूर झालेली मदत या एका उताऱ्यासाठी अडकू शकते. कंपनीचे आर्थिक वर्ष मार्चला संपते, आणि धर्मादाय कार्यालयातली फाइल आपल्या घाईने हलत नाही. एखाद्या मंडळाला या लेखातली एकच गोष्ट आज करायची असेल, तर त्याने आपला उतारा काढून आणावा.

नव्या क्लबला ३ वर्षांच्या अनुभवाची अट पाळता येत नाही. त्याने जिल्हा फुटबॉल संघटनेशी किंवा एखाद्या जुन्या शिक्षणसंस्थेशी जोडून घ्यावे आणि त्या ३ वर्षांत हजेरीपत्रके, छायाचित्रे, लेखापरीक्षण अहवाल जपावेत. राज्यात खेळाचा कारभार पाहणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनपर्यंत आपल्या खेळाडूंची नोंद जिल्हा संघटनेमार्फतच पोहोचते, त्यामुळे ही वाट दोन्ही दृष्टींनी सोयीची आहे.

कारखान्यांनी घडवलेले आणि सोडलेले संघ

नोकरी देणाऱ्याने संघ उभा करणे ही फुटबॉलमधली फार जुनी रीत आहे. मँचेस्टर युनायटेडची सुरुवात १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी केली आणि आर्सेनलची १८८६ मध्ये वूलविचच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यातील कामगारांनी. जर्मनीत बायर कंपनीच्या कामगारांनी १९०४ मध्ये लेव्हरकुसेनचा क्लब काढला, तो २०२४ मध्ये एकही सामना न हरता जर्मन लीगचा विजेता झाला. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला फिलिप्स कंपनीने १९१३ मध्ये जो क्लब सुरू केला, त्याच्या पीएसव्ही या नावातला पहिला पी फिलिप्सचाच आहे.

आपल्याकडे टाटा स्टीलने १९८७ मध्ये जमशेदपूरला फुटबॉल अकादमी काढली आणि २०१७ मध्ये त्याच शहराच्या नावाने व्यावसायिक क्लब उभा केला. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या पट्ट्याला तर सीमेपलीकडच्या गोव्याचे उदाहरण घरचेच आहे. साळगावकर आणि धेंपो ही उद्योगसमूहांची नावे तिथे क्लबांची नावे झाली. धेंपोने राष्ट्रीय पातळीवरची अव्वल लीग ५ वेळा जिंकली, आणि समूहाने २००९ मध्ये आपला खाण व्यवसाय विकल्यानंतरही क्लब चालू राहिला. त्यांतली २ विजेतेपदे त्या विक्रीनंतरची आहेत. सेसा गोवा या खाण कंपनीने १९९९ मध्ये मुलांसाठी निवासी अकादमी काढली, आणि २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या तरी ती अकादमी बंद पडली नाही.

सगळीकडे असे झाले नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड १९६२ पासूनचा, २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता. कंपनीने तो २०१० मध्ये बंद केला. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ १९९६-९७ च्या पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता होता. तो २०११ मध्ये बंद झाला. दोन्ही ठिकाणी संघ कंपनीचाच एक विभाग होता, त्यामुळे कंपनीने ठरवले त्या दिवशी तो संपला. मैदानात येणाऱ्या प्रेक्षकाला त्यात मत नव्हते. फ्रान्समध्ये सोशोचा क्लब प्यूजो कंपनीने १९२८ मध्ये काढला आणि २०१५ मध्ये विकून टाकला. पुढे २०२३ मध्ये पैशाअभावी त्याची थेट तिसऱ्या श्रेणीत रवानगी झाली, तेव्हा हजारो पाठीराख्यांनी आणि स्थानिक उद्योजकांनी मिळून पैसा उभा केला म्हणून तो वाचला. मला या उदाहरणांतून सर्वांत उपयोगी वाटतो तो जपानचा निर्णय. १९९३ मध्ये तिथे व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा क्लबांच्या नावांतून कंपन्यांची नावे काढून शहरांची नावे लावण्यात आली. मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला, माझ्दाचा हिरोशिमाचा. कंपन्या पैसा देत राहिल्या, पण क्लब कोणाचा या प्रश्नाचे उत्तर नावातच लिहिले गेले. कोकणातल्या क्लबने आपल्या नावात कंपनीचे नाव घालून घेऊ नये, असे मी या अनुभवावरूनच म्हणतो.

मैदान

पूर्ण मापाचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे ७,१४० चौरस मीटर, आपल्या भाषेत साधारण ७० गुंठे, आणि बाजूची जागा धरली तर दोन एकरांच्या पुढे. कोकणात एवढी सपाट आणि सलग जागा मिळणे हेच पहिले अवघड काम आहे. मिळाली तर सातबारावर पंधरा-वीस सहहिस्सेदार असतात आणि त्यांतले निम्मे चाकरमानी गणपतीला भेटतात. एका सहहिस्सेदाराच्या तोंडी शब्दावर कंपनीचे २५ लाख रुपये मातीत घालणे हा सर्वांत मोठा धोका आहे. सीएसआरमधून निर्माण झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती पात्र धर्मादाय संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. म्हणून खाजगी जमिनीपेक्षा ग्रामपंचायतीची किंवा शाळेची जागा, ग्रामसभेचा ठराव आणि लेखी दीर्घ मुदतीचा वापरहक्क हा मार्ग बरा. आइंडहोवनचा क्लब २०११ मध्ये पैशाच्या अडचणीत सापडला, तेव्हा तिथल्या नगरपालिकेने मैदानाखालची जमीन विकत घेऊन क्लबलाच दीर्घ भाडेपट्ट्याने दिली. जमीन गावाची असली की क्लबला पाय रोवायला जागा राहते.

आमचे मैदान भाताच्या खाचरांवर भराव टाकून झाले आहे. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे रत्नागिरी जिल्ह्यात नवलाचे नाही, आणि तेवढ्या पावसात नुसत्या खेळाच्या आयतावर ७ लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. दहा हजार लिटरचे ७१ टँकर रिते केल्यासारखे. डोंगराकडच्या बाजूने येणारे पाणी वेगळेच. उत्तरेकडच्या गोलसमोर ते साचते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिथे चेंडू टाकला तर तो उसळत नाही, रुतून बसतो. कंपनीच्या अधिकाऱ्यांना बहुधा दर्शनी गोष्टी आवडतात: प्रवेशद्वार, बैठकीच्या पायऱ्या, प्रकाशझोत. आम्ही मात्र प्रत्येक अर्जात चरांची आणि भरावाला द्यायच्या उताराची मागणी पहिली लिहितो. चर खोदून झाल्यावर दिसत नाही, त्याचे उद्घाटनही होत नाही, पण मैदानाचे आयुष्य त्याच्यावर असते.

मुले आणि त्यांच्या नोंदी

भागीदारीत सर्वांत जपून हाताळायचा भाग मुलांचा. भारतीय करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे कंपनीने प्रशिक्षणाच्या बदल्यात मुलाकडून पुढे आपल्याच संघात खेळण्याचे लिहून घेऊ नये आणि क्लबनेही ते होऊ देऊ नये. नोकरीचे आश्वासन तर मुळीच देऊ नये. ‘चांगला खेळलास तर कंपनीत लावू’ हे वाक्य मी मैदानाच्या कडेला ऐकले आहे. ते ऐकून दहावीकडे दुर्लक्ष केलेल्या मुलाला नंतर काय मिळाले हे विचारायला कोणी येत नाही. छायाचित्रे वापरायची तर पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि मुलांजवळ काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पडताळणी व्हावी.

प्रत्येक मुलाची हंगामवार नोंद क्लबच्या नावाने ठेवण्याला पैशाचीही बाजू आहे. फिफाच्या नियमानुसार एखादा खेळाडू करार चालू असताना पैसे मोजून परदेशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ ही ४ वर्षे आमच्यासारख्या क्लबमध्ये काढलेल्या मुलाच्या बाबतीत तो वाटा मूळ रकमेच्या १ टक्का होतो, म्हणजे १ कोटीच्या व्यवहारात १ लाख रुपये. असे आपल्या गावात उद्याच घडेल अशी आशा मी कोणाला लावत नाही. परंतु नोंद कंपनीच्या कार्यालयातल्या संगणकावर असेल आणि क्लबच्या रजिस्टरात नसेल, तर त्या मुलाला घडवल्याचा आपल्याकडे पुरावाच राहणार नाही.

शेजाऱ्याबद्दलचा अवघड प्रश्न

कोकणात कारखाना रोजगार देतो, आणि त्याच कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल खाडीकाठच्या भोई-कोळी कुटुंबांची तक्रारही असू शकते. मैदानावर एका बाजूला कामगाराचा मुलगा असतो आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्या घरची मासळीची जाळी आता रिकामी येतात त्याचा. क्लबने अशा कंपनीचा पैसा घ्यावा का? माझे उत्तर असे आहे की घ्यावा, पण दोन गोष्टी सांभाळून. कंपनीविरुद्ध बोलू नये किंवा तिच्या प्रकल्पाला समर्थन द्यावे असा कोणताही शब्द करारात येऊ देऊ नये. क्लबचा सभासद ग्रामसभेत काय बोलतो याचा मैदानाशी संबंध नाही. आणि विस्तार प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी जवळ आलेली असताना नवा करार, नवे फलक किंवा मुलांचा सत्कार स्वीकारू नये. मुलांना जर्सी घालून जनसुनावणीच्या मांडवात बसवणे तर कधीच होऊ नये. ही बंधने पाळली तर त्या दोन्ही घरची मुले एकाच संघात खेळत राहतील.

कराराचे शेवटचे कलम

मुदत, हप्ते, हिशेबाचे स्वरूप, फलकाचा आकार, अपघात विमा, मुलांची सुरक्षितता हे सारे करारात यावेच. परंतु माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक लिहायचे कलम हे कंपनी थांबेल त्या दिवसाचे असते. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च असते. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन मे अखेर संपतो. त्यामुळे मार्चअखेरीस मदत संपली तर प्रशिक्षक हंगामाच्या मधोमध बिनपगारी राहतो, आणि पावसाळ्यापूर्वीची चरांची सफाई, जी मेमध्येच करावी लागते, राहून जाते. जर्सीच्या त्या वर्षानंतर आम्ही दुसऱ्या एका कंपनीबरोबर ३ वर्षांचा करार केला, तेव्हा हे सगळे त्यांच्या अधिकाऱ्यासमोर मांडले. ते गृहस्थ मैदानावर आले, उत्तरेकडच्या गोलपाशी उभे राहून त्यांनी चर पाहिले, आणि मसुद्यात स्वतःच्या अक्षरात बदल केला. त्या कलमानुसार पुढच्या वर्षी मदत द्यायची नसेल तर कंपनीने ३१ डिसेंबरपूर्वी लेखी कळवायचे आहे, गोलपोस्ट, साहित्य आणि नोंदवह्या क्लबकडे राहायच्या आहेत, आणि शेवटच्या हप्त्यात मेपर्यंतचे प्रशिक्षकाचे मानधन व चरसफाईची मजुरी आधीच धरलेली असायची आहे.